आठवा हात

२६ जानेवारी, रविवार

प्रजासत्ताक दिन पार पडला. वाईट वाटावं असं काही घडलं नाही. तरी लिहून ठेवतो, कारण इंदू म्हणते की मी जेवताना एक शब्द बोललो नाही.

हिरडटोल्याच्या ग्रामपंचायतीपुढे झेंडावंदन झालं की संविधानाची उद्देशिका मी म्हणतो. एकवीस वर्षं म्हणतो आहे, आणि कागद न धरता. आधी शाळेचा मुख्याध्यापक म्हणून म्हणायचो, निवृत्त झाल्यावर नुसता रामटेके गुरुजी म्हणून, आणि दोन वर्षांपासून ग्रामपंचायतीचा सदस्य म्हणून. आज इंदूने जाकिटाला इस्त्री करून दिली होती. मी पुढे व्हायला पाऊल उचललं, तेवढ्यात सरपंचबाईंनी माईक सातवीतल्या एका मुलीच्या हातात दिला आणि त्या पोरीने उद्देशिका गोंडीतून वाचली. टोल्यावरच्या, म्हणजे जंगलालगतच्या गोंड वस्तीतल्या, बाया पुढेच बसल्या होत्या, त्या माना डोलवत होत्या. मला चार-सहा शब्द कळले. मी पुढे गेलो होतो तसाच बाजूला उभा राहिलो.

सरपंच म्हणजे दिव्यानी पेंदाम. माझीच विद्यार्थिनी, वय तीस असेल. परवा ती घरी आली होती आणि म्हणाली होती, गुरुजी, यंदा गोंडीतून वाचू, तुम्ही बाजूला उभे राहा आणि मंग सगळ्याईले अर्थ सांगा. मला ती गंमत वाटली, मी 'बघू' म्हणालो. आज तिने अर्थ सांगायला हाक मारली तेव्हा मी घसा बसल्याची खूण केली. घसा खरंच थोडा बसला आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

उपसरपंच भैयाजी आला होता. येताना पाटीभर वांगी घेऊन आला, म्हणजे काम होतं. त्याच्या मते सरपंचबाईंना आता फार हवा लागली आहे. निवडून येऊन दोन वर्षं झाली, आता कायद्याने अविश्वास आणता येतो. सात सदस्य तयार आहेत. मी आठवा.

थेट जनतेतून निवडून आलेला सरपंच काढणं सोपं नाही. आम्ही नऊ सदस्य आणि सरपंच मिळून दहा. तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे साडेसात, म्हणजे आठ. नववी सदस्य इतवारीबाई. ती म्हातारी दिव्यानीच्या शब्दाबाहेर नाही. म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

भैयाजीच्या डोक्यात तक्रार करायची होती. वर लिहून द्यायचं, चौकशी लावायची, गैरवर्तनावरून काढायचं. मी त्याला विचारलं की सिद्ध काय करणार? तो म्हणाला, थे मंग पाहू. मग मी त्याला फरक समजावून सांगितला. कलम ३९ खाली काढायचं तर आरोप लागतो, चौकशी लागते, तिला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. कलम ३५ खाली अविश्वासाला यातलं काही लागत नाही. हात लागतात. भैयाजी माझ्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी वकीलच व्हायले पायजे होते."

नदीच्या घाटावरून भैयाजीच्या भाच्याचे रेतीचे ट्रॅक्टर जायचे, ते सरपंचबाईंनी डिसेंबरात अडवले. त्याचा आणि याचा काही संबंध नाही असं तो स्वतःहून म्हणाला. मी विचारलं नव्हतं. माझा प्रश्न तत्त्वाचा आहे. सदस्यांना विश्वासात घेतलं पाहिजे, ज्येष्ठांचा मान राखला पाहिजे. विचार करून सांगतो म्हटलं. वांगी इंदूने परत पाठवली. का, ते तिने सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत दर रविवारी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी राज्यघटना शिकवतो. आज महाभियोग होता. हा माझा आवडता धडा, कारण घटना लिहिणाऱ्यांची सावधगिरी इथे दिसते.

राष्ट्रपतीला काढायचं तर आरोप एकच, घटनेचा भंग. सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, चौदा दिवसांची नोटीस, एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं. एक सभागृह आरोप ठेवतं आणि दुसरं तपास करतं. म्हणजे आरोप करणारा तो न्याय करणारा नाही. राष्ट्रपतीला स्वतः हजर राहायचा किंवा वकील देण्याचा हक्क. न्यायाधीशाचंही तसंच: लोकसभेच्या शंभर किंवा राज्यसभेच्या पन्नास सह्या, मग तिघांची समिती, आणि तिच्यापुढे गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध व्हायला हवी. 'सिद्ध' या शब्दाखाली मी फळ्यावर दोन रेघा मारल्या. आजपर्यंत एकही राष्ट्रपती असा गेलेला नाही आणि एकही न्यायाधीश या वाटेने शेवटपर्यंत जाऊन पदावरून निघालेला नाही. मुलं म्हणाली, मग उपयोग काय? मी सांगितलं की उपयोग हाच आहे, खुर्चीवरच्या माणसाला कोणाच्या रागावर काढता येऊ नये.

पहिल्या बाकावरची रोशनी उभी राहिली. हुशार मुलगी आहे, प्रश्नाला चुकत नाही. तिने विचारलं, "गुरुजी, आन् सरपंचाले काढाचं असल तं काय सिद्ध करा लागते?"

मी म्हणालो, ते अभ्यासक्रमात नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नोटीस आज कुरखेड्याला तहसीलदारांकडे गेली. मजकूर मी करून दिला. भैयाजीने आणलेला कागद वाचवत नव्हता. एका ओळीत शिव्या, दुसऱ्या ओळीत विनंती. माझ्या नावाने गावातून असा कागद जावा हे मला बरं वाटलं नसतं. 'सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार करीत असल्याने आमचा त्यांच्यावर विश्वास राहिलेला नाही.' एवढंच ठेवलं. वाक्य चांगलं झालं आहे. नक्की असं काही त्यात नाही, त्यामुळे खोटंही काही नाही.

इंदूला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमी सही केली काय?" केली म्हणालो. तिने सूप उचललं आणि मागच्या अंगणात जाऊन बसली. इंदू आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष होती सहा वर्षं, तिला राजकारणातलं कळतं असं ती समजते.

३ मार्च, सोमवार

विशेष सभा झाली. क्रमाने लिहितो.

तहसीलदार अकराला आले. दार लावून घेतलं. आम्ही नऊ सदस्य एका बाजूला आणि दिव्यानी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. तिने निळं लुगडं नेसलं होतं आणि समोर वही ठेवली होती. तहसीलदारांनी नोटीस वाचली. माझं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना आधी बरं वाटलं, हे लिहायला हवं. मग त्यांनी सरपंचांना विचारलं की काही बोलायचं आहे का.

दिव्यानी उभी राहिली. म्हणाली, "साहेब, माझ्यावर आरोप काय आहे थे वाचून दाखवा. मंग मी उत्तर देईन."

तहसीलदार सौम्यपणे म्हणाले की हा अविश्वासाचा ठराव आहे, यात आरोप असावाच लागतो असं नाही. सर्वसाधारण काही म्हणायचं असेल तर म्हणा. तिने वही उघडली होती ती बंद केली. त्या वहीत बरंच लिहिलेलं मला दिसत होतं, पानभर, दोन पानं. कोणीतरी काहीतरी म्हणेल आणि आपण एकेक उत्तर देऊ, असं धरून ती तयारी करून आली होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, तुमीच सातवीत शिकवलं होतं. चोराले पकडलं तरी पयले त्याले सांगा लागते, तुनं काय चोरलं म्हणून. मले तं तेवढंबी कोणी सांगून नाई राह्यलं."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. तहसीलदारसुद्धा. खरं सांगायचं तर सकाळी घरून निघताना माझं ठरलेलं नव्हतं. हात वर करीन की नाही हे मलाच माहीत नव्हतं. पण आठ माणसांसमोर आणि एका अधिकाऱ्यासमोर माझीच विद्यार्थिनी मला माझाच धडा म्हणून दाखवते आहे, असं मला वाटलं आणि कान तापले.

मतदान हात वर करून झालं. सात हात लगेच वर गेले. तहसीलदारांनी मोजले आणि थांबले. इतवारीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. भैयाजीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला. फार वर नाही, खांद्यापर्यंत. तहसीलदार म्हणाले, "नीट वर करा गुरुजी, नोंद करायची आहे." मग मी नीट वर केला.

४ मार्च, मंगळवार

अजून काही संपलेलं नाही, असं मी इंदूला सांगितलं. थेट निवडून आलेल्या सरपंचाचा ठराव सदस्यांनी मंजूर केला तरी तो विशेष ग्रामसभेपुढे जातो. तिथे गुप्त मतदान होतं. ज्यांनी निवडून दिलं तेच शेवटचं ठरवतील. लोकशाहीत याहून चांगलं काय असतं? इंदू म्हणाली, "मंग तुमी कायले हात वर केला?"

मी पेपर वाचत बसलो.

१२ मार्च, बुधवार

ग्रामसभेची तारीख आली. अठ्ठावीस मार्च. आज कामाने तहसीलला गेलो होतो, तर तिथल्या कारकुनाने वेळ विचारली. म्हणाला, गुरुजी, गावाला कोणती वेळ सोयीची? भैयाजी शेजारी उभा होता, तो काही बोलला नाही. मीच म्हणालो, सकाळी आठची ठेवा, नंतर ऊन फार होतं, म्हाताऱ्या माणसांना त्रास. कारकुनाने लिहून घेतलं.

घरी आल्यावर इंदूला सांगितलं. ती चुलीपुढून उठून उभी राहिली. "मोह वेचाच्या दिवसात सकाळी आठले टोल्यावर कोण राह्यते?"

माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणालो.

२८ मार्च, शुक्रवार

आठ वाजता शाळेच्या पटांगणात मांडव. कोतवाल बिरजूने काल आणि परवा गावठाणात आणि टोल्यावर दवंडी दिली होती, त्यामुळे नियमात कुठे कमी नव्हतं. गावठाणातली माणसं वेळेवर आली. भैयाजीचे लोक ट्रॅक्टरने आले.

टोल्यावरच्या बाया आल्या नाहीत. या दिवसांत त्या पहाटे तीन-चारला टोपल्या घेऊन जंगलात जातात. मोह रात्री गळतो, उन्हाआधी वेचला नाही तर जनावरं खातात नाहीतर वाळून जातो. वर्षातले हे वीसेक दिवस. एक सकाळ बुडवली तर त्या दिवसाचा मोह गेला. अधिकाऱ्यांनी साडेदहापर्यंत मतपेटी उघडी ठेवली. दहाच्या सुमारास पंधरा-वीस बाया डोक्यावरच्या टोपल्यांसकट पळत आल्या. इतवारीबाई त्यांच्या पुढे होती, पायात काही नव्हतं. त्यांनी मतं टाकली. बाकीच्या आल्या तेव्हा मोजणी चालू होती. त्या कुंपणापाशी टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. मोहाचा वास पटांगणभर होता.

ठरावाच्या बाजूने दोनशे बारा, विरोधात एकशे सत्त्याऐंशी. पंचवीस मतांनी ठराव मंजूर. कुंपणापाशी तीस-पस्तीस तरी बाया असतील. मी मोजल्या नाहीत, पण त्या किती होत्या ते मला माहीत आहे.

१२ तारखेला मी इथे लिहिलं की माझ्या लक्षात आलं नाही. ते खोटं आहे. कारकुनाने विचारलं तेव्हा माझ्या मनात मोहच आला होता. आधी मोह आला, मग ऊन सुचलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. विहारापासून मिरवणूक, मग सभा. मुख्य वक्ता मीच. विषय दरवर्षीचाच, संविधान आणि आपण. चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. सत्तेवर अंकुश, बहुमत म्हणजे न्याय नव्हे, अल्पमताची बाजू ऐकून घेण्याची सवय, हे सगळं बोललो. बोलताना जीभ कुठे अडखळली नाही याचंच आता नवल वाटतं. शरम वाटते, हेही लिहितो. फार वाटते.

इंदू सभेत नव्हती. मिरवणुकीत होती, निळा फेटा बांधून सगळ्यात पुढे. सभेला ती बसली नाही. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाली, पाय दुखत होते.

रोशनी गेले चार रविवार अभ्यासिकेत येत नाही. ती कुरखेड्याच्या शिकवणीला जाते असं कळलं.

१७ एप्रिल, गुरुवार

दिव्यानी आली. दुपारी तीनची वेळ, मी पडवीत आडवा होतो. तिने "जय सेवा गुरुजी" म्हटलं, मी "जय भीम, ये" म्हटलं आणि उठून बसायला मला उगाच वेळ लागला. इंदूने तिला पाणी दिलं आणि मग आत न जाता दारातच उभी राहिली.

मला वाटलं ती भांडायला आली असेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. नाहीतर ठरावाविरुद्ध तक्रारीचा अर्ज लिहून मागायला. त्याची मुदत कधीच निघून गेली होती आणि मी ती जाताना बघत होतो. पण ती वेगळंच बोलली. तिची मुलगी तिसरीत आहे. शाळेत पोरं तिला विचारतात, तुझ्या आईनं काय चोरलं. बाजारात बाया विचारतात, किती खाल्ले. तिचा सासरा कधी कोणापुढे झुकला नाही, तोही परवा म्हणाला, बाई, काही केलं असल तं मले तरी सांग. दोनशे बारा माणसांनी काढलं म्हणजे काहीतरी केलंच असेल, असं सगळे धरून चालतात.

मग तिने पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"गुरुजी, मले खुर्ची नाई पायजे. माझी चूक काय झाली थे याच्यावर लिहून द्या. तुमचं अक्षर लोक मानते. चूक लिहिली असती तं मी सांगतली असती, नाई केली म्हणून. चूकच नाई सांगतली तं मी निर्दोष कशी होऊ?"

 अभ्यासिकेत मी वीस वर्षं शिकवत आलो की आरोप लिहून द्यावा लागतो, ही अट सत्तेतल्या माणसावर नजर ठेवण्यासाठी आहे. ती अट त्या माणसाच्या अब्रूसाठीही आहे, हे मला माझ्या विद्यार्थिनीने पडवीत बसून सांगितलं. आरोप ठेवला असता तर तो कधीतरी खोटा ठरला असता. आम्ही तो ठेवलाच नाही, म्हणून तो आता जन्मभर राहील, ज्याच्या मनाला जो येईल तो.

मी म्हणालो, दोन दिवस दे. ती गेल्यावर इंदू म्हणाली, "लिवा आता." ती कितीतरी दिवसांनी माझ्याशी स्वतःहून बोलली.

२१ एप्रिल, सोमवार

चार दिवस बसतो आहे. ग्रामपंचायतीत जाऊन दोन वर्षांची इतिवृत्तं काढली. निदान एखादी खरी चूक सापडली तर माझं ओझं हलकं होईल, या आशेने काढली, हेही कबूल करतो.

सभा वेळेवर घेतल्या आहेत. प्रत्येक ठराव वाचून दाखवला आहे, दोनदा, एकदा गोंडीतून. कोणत्याही कागदावर न वाचता सही नाही, ग्रामसेवक याच कारणाने तिच्यावर वैतागलेला असायचा. टोल्यावरची बोअर दुरुस्त झाली. अंगणवाडीचं छत झालं. ट्रॅक्टर अडवल्याचा ठराव आहे आणि त्यावर भैयाजीची सही नाही. मी तेव्हा गैरहजर होतो, मुलीकडे अहेरीला गेलो होतो. 'सदस्यांना विश्वासात न घेता' असं मी लिहिलं. माझ्या हजेरीच्या नऊ सभांपैकी सहांत 'रामटेके गुरुजींचा सल्ला घेऊन' असे शब्द आहेत.

चुका लिहायच्या म्हणून एक, दोन, तीन असे आकडे घातले होते. दोन आणि तीन खोडले. एकपुढे लिहिण्यासारखं एकच उरलं. २६ जानेवारीला तिने माईक माझ्या हातात दिला नाही.

ते लिहिलं आणि वाचलं. बासष्ट वर्षांचा माणूस. मला अंगणात जाऊन उभं राहावं लागलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

शेवटी असं लिहिलं: 'दिव्यानी पेंदाम यांच्यावर कोणताही आरोप नव्हता. त्यांनी कोणताही गैरव्यवहार केलेला नाही. मी नोटिशीचा मजकूर लिहिला, आठवा हात वर केला, आणि टोल्यावरच्या बाया जंगलात असतात हे माहीत असून ग्रामसभेसाठी सकाळी आठची वेळ सुचवली. हे मी मानापमानाच्या रागातून केलं.' खाली सही, तारीख. इंदूने वाचलं आणि 'रागातून' या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "जळून" म्हणा. मी खोडून तसं केलं.

कागद घेऊन टोल्यावर गेलो. ती अंगणात मोह पसरत होती. हात धुऊन आली, कागद घेतला, उभ्याउभ्या वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं ती रडेल किंवा मला काही बोलेल. मी तयारीनेच गेलो होतो. क्षमा मागायची वाक्यंही तयार होती. तिने कागदाची चौघडी घातली आणि तो माझ्या हातात परत ठेवला.

"मले देऊन काय फायदा गुरुजी? मले तं माहीतच आहे. ज्याईले माहीत नाई त्याईले वाचून दाखवा."

आणि ती पुन्हा मोह पसरायला बसली. सासऱ्याने खाट पुढे केली होती, पण मी बसलो नाही.

रस्त्यात बिरजू भेटला. १ मेच्या ग्रामसभेची दवंडी द्यायला निघाला होता. वेळ दुपारी चारची आहे. ती कोणी ठरवली हे मी विचारलं नाही.

१ मे, गुरुवार

वाचलं.

भैयाजी प्रभारी सरपंच म्हणून अध्यक्ष होता. विषयपत्रिकेत नसलेला विषय घेता येणार नाही, असं तो म्हणाला. मी म्हणालो की अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय घेता येतात. तो म्हणाला, परवानगी नाही. तेव्हा मागून इंदूचा आवाज आला, "वाचू द्या त्याईले." ती उभी राहिली होती. तिच्या पाठोपाठ टोल्यावरच्या बाया उभ्या राहिल्या, आज त्या सगळ्या आल्या होत्या. ग्रामसेवकाने खाली बघत पेन उघडलं. मग मी वाचलं. कागद टेबलावर ठेवून वाचला. 'जळून' हा शब्द हळू निघाला, तो पुन्हा वाचावा लागला.

कोणी हसलं नाही आणि कोणी ओरडलंही नाही. भैयाजी मोबाइल बघत होता. गावठाणातली दोन-तीन माणसं उठून बाहेर गेली. दिव्यानी मागे बसली होती, मुलीला घेऊन. मुलीने आईला काहीतरी विचारलं, आईने मान हलवली. मला वाटलं आता संपलं, मनावरचा दगड उतरला, असं काहीतरी. खोटं कशाला लिहू, क्षणभर मला माझंच कौतुक वाटलं.

तेव्हा इतवारीबाई उठली. तिने कधी सभेत तोंड उघडलेलं मी पाहिलेलं नाही.

"गुरुजी, मंग आता तिले परत कधी बसवता?"

मी तिला समजावून सांगायला लागलो. ठराव ग्रामसभेने मंजूर केला, म्हणजे पद रिक्त झालं. तक्रारीची मुदत संपली. मंजूर झालेला ठराव मागे घेण्याची तरतूद नाही. मी चुकलो असं म्हटल्याने मत बदलत नाही.

"काढाचं तुमाले सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "परत बसवाचं काई लिहूनच नाई?"

नाही, मी म्हणालो. पोटनिवडणूक होईल तेव्हा ती पुन्हा उभी राहू शकते. लोकांनी मतं दिली तर पुन्हा निवडून येईल.

इतवारीबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी गोष्ट खरंच समजत नाही तेव्हा बघतात तसं.

"पन थे तं एकदा निवडून आलीच होती ना, गुरुजी."

 भैयाजीने पुढचा विषय पुकारला, मग मी खाली बसलो.